चौदातली एक: छोट्या बँडचं श्रोतेपण मनापासून कसं निभवावं

पावसाळ्यातला बुधवार होता. पुण्यात एका तळघरातल्या जागेत बंगळूरहून आलेला चौघांचा बँड वाजवत होता आणि समोर आम्ही चौदाजण होतो. बँडने पावणेदोन तास फक्त स्वतःची गाणी वाजवली. प्रेक्षागृह भरलेलं असतं तर जसं वाजवलं असतं तसंच वाजवलं. कार्यक्रम संपल्यावर बास वाजवणारा मुलगा स्वतःच वायरी गुंडाळत होता. बाजूच्या टेबलावर सीडींचा गठ्ठा होता. मी दोनशे रुपयांची एक सीडी घेतली, तेव्हा सुट्टे शोधता शोधता तो म्हणाला, "आता परतीचं डिझेल सुटेल."

घरी येताना हिशोब डोक्यात आला. चौदातली एक म्हणजे सात टक्के. दहा हजारांच्या गर्दीत मी नसते तर कुणाच्या लक्षातही आलं नसतं. त्या तळघरात मात्र मी गेले नसते तर श्रोत्यांतला सात टक्के भाग कमी झाला असता. छोट्या मंडळींच्या संगीतात एका श्रोत्याला असं वजन असतं. ते वजन नीट कसं वापरायचं, हे शिकायला मला दहाएक वर्षं लागली. ज्यांना हे संगीत आवडतं पण पुढे नेमकं काय करायचं ते कळत नाही, त्यांच्यासाठी हे सगळं क्रमाने लिहिते आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करून घेऊ

अशा संगीताला इंडी, म्हणजे इंडिपेंडंट, स्वतंत्र म्हणतात. इंडी ही संगीताची जात नाही. गिटार घेऊन हळू आवाजात गायलं की इंडी, असं नसतं. ध्वनिमुद्रण कुणाच्या मालकीचं आहे, आणि गाणं कसं असावं हे कोण ठरवतं, हा खरा प्रश्न आहे. आपल्याकडे लोकप्रिय गाणं म्हणजे बहुतेकदा सिनेमाचं गाणं. त्यात प्रसंग, नायक, निर्माता, कंपनी यांचं आधी ठरतं आणि मग चाल होते. स्वतंत्र कलाकार ही साखळी टाळतो. त्यामुळे रॅप करणारा, अभंगाला ड्रम्सची जोड देणारा, मेटल वाजवणारा, लॅपटॉपवर एकट्याने संगीत रचणारा, सगळे यात बसतात.

हे काही आजचं खूळ नाही. गायक रेमो फर्नांडिस यांनी १९८४ साली गोव्यात शिवोलीच्या आपल्या घरी चार ट्रॅकच्या रेकॉर्डरवर अल्बम ध्वनिमुद्रित केला आणि स्कूटरवरून फिरून कॅसेटी स्वतः पोचवल्या. मुंबईत धोबी तलावाजवळच्या रंगभवनात १९८६ पासून इंडिपेंडन्स रॉक हा रॉक संगीताचा महोत्सव भरू लागला. १९९३ साली अलाहाबादसारख्या शहरातून रॉक स्ट्रीट जर्नल हे मासिक निघालं. आणि २०१० च्या डिसेंबरात पुण्यात, कोरेगाव पार्कात, पहिला एनएच७ वीकेंडर हा संगीत महोत्सव झाला. आज आपण जे ऐकतो त्याच्या मागे एवढ्या लोकांची पायपीट आहे, हे ठाऊक असलं की ऐकण्याला खोली येते.

पहिली पायरी: ऐकण्याची बैठक

रोजच्या धबडग्यात, भांडी घासताना, बसमध्ये, कामाच्या मधे गाणी ऐकणं चालूच राहू दे. पण आठवड्यातून एकदा एक संपूर्ण अल्बम पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत, क्रमाने, दुसरं काहीही न करता ऐकायचा. बहुतेक अल्बम ३५ ते ४५ मिनिटांचे असतात, ईपी, म्हणजे चार-पाच गाण्यांचा छोटा अल्बम, वीस-पंचवीस मिनिटांचा. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. गाण्याचे शब्द मिळत असतील तर समोर घ्या.

आणि तीनदा ऐकल्याशिवाय मत बनवू नका. हा माझा पक्का नियम आहे. स्वतंत्र कलाकारांचं ध्वनिमुद्रण पहिल्या ऐकण्यात कधी खडबडीत वाटतं, आवाज वाद्यांत बुडाल्यासारखा वाटतो. आपले कान महागड्या स्टुडिओत घासूनपुसून काढलेल्या आवाजाला सरावलेले असतात. दुसऱ्यांदा ऐकताना त्या खडबडीतपणामागची चाल दिसायला लागते, तिसऱ्यांदा शब्द.

एक वही ठेवा. तारीख, कलाकार, अल्बम आणि एक ओळ. ती ओळ समीक्षा नको, निरीक्षण हवं: 'चौथ्या गाण्यात ड्रम्स थांबतात आणि फक्त श्वास ऐकू येतो.' जुन्या बैठकींतले जाणकार श्रोते जागा टिपायचे, समेवर मान हलवायचे, ती हीच सवय. कानसेन व्हायला कान असावे लागतात हे खरं, पण त्याहून जास्त लागतो वेळ.

दुसरी पायरी: शोधायचं कुठे

ॲप जे पुढे ढकलतं ते ऐकायला हरकत नाही, पण ते तुम्हाला तुमच्या आधीच्या आवडीच्या आसपास फिरवत ठेवतं. माणसांच्या दुव्यांनी गेलात की लांब जाता.

सगळ्यात भरवशाचा दुवा म्हणजे श्रेयनामावली. आवडलेल्या अल्बमचं मिक्सिंग कुणी केलं, ड्रम्स कुणी वाजवले, मुखपृष्ठ कुणी काढलं, ते वाचा. या जगात माणसं थोडी आणि एकमेकांत गुंतलेली असतात. एकच ड्रमर तीन बँडमध्ये सापडतो. त्या ड्रमरमागून गेलात की दोन नवे बँड हाती लागतात. दुसरा दुवा लेबलचा, म्हणजे गाणी प्रसिद्ध करणाऱ्या कंपनीचा. दिल्लीत २०१७ साली सुरू झालेल्या अझादी रेकॉर्ड्ससारख्या लेबलचा एक रॅपर आवडला, तर त्याच लेबलच्या इतरांना अर्धा तास द्यायला काहीच हरकत नाही. तिसरा दुवा पोस्टरवरची सर्वांत खालची, बारीक अक्षरांतली ओळ. महोत्सवाच्या जाहिरातीत वरची मोठी नावं सगळ्यांनाच माहीत असतात. मी खालून वर वाचते.

सुरुवात कुठून करायची असं विचाराल, तर ज्या प्रकारचं गाणं तुमच्या घरात आधीच रुजलेलं आहे तिथून. भजन-कीर्तन ऐकत वाढलेल्यांनी मुंबईचा अभंग रिपोस्ट ऐकावा. ओळखीचे अभंग गिटार-ड्रम्सच्या सोबतीने कसे उभे राहतात ते कळेल. लोकसंगीत आणि शास्त्रीय संगीताचा कान असेल तर दिल्लीचा इंडियन ओशन, १९९० पासून वाजवणारी मंडळी, आणि त्यांचा २००० सालचा 'कंदिसा'. मंद, उबदार सुरावटी आवडत असतील तर आपल्या पुण्याचे ईझी वाँडरलिंग्स. जुन्या ब्रासची (पितळी वाद्यांची), कॅबरेची झाक असलेलं काही हवं असेल तर दिल्लीचा पीटर कॅट रेकॉर्डिंग कंपनी. आणि भाषा कळत नाही म्हणून कुठे अडू नका. केरळच्या अवियल बँडने २००८ साली मल्याळममध्ये रॉकचा अल्बम केला. मला त्यातला एक शब्द कळत नव्हता, तरी तो अल्बम मी महिनाभर रोज ऐकला.

तिसरी पायरी: आपला रुपया कुठे जातो ते समजून घ्या

इथे जरा थांबते, कारण बहुतेक मनापासूनचे चाहतेही इथेच चुकतात.

स्पॉटिफायसारख्या सेवेला तुम्ही दरमहा पैसे भरता, तेव्हा ते पैसे तुम्ही ऐकलेल्या कलाकारांत वाटले जात नाहीत. सगळ्यांचे पैसे एका मोठ्या हौदात जातात आणि एकूण ऐकण्यात कुणाचा किती वाटा, त्या प्रमाणात वाटले जातात. तुम्ही महिनाभर एकच छोटा बँड ऐकलात, तरी तुमच्या वर्गणीचा मोठा भाग देशभर गाजणाऱ्या गाण्यांकडेच जातो. शिवाय २०२४ पासून स्पॉटिफायने नियम केला, की मागच्या बारा महिन्यांत एखादं गाणं निदान १,००० वेळा ऐकलं गेलं नसेल तर त्याला रॉयल्टी, म्हणजे ऐकण्यामागे मिळणारा मोबदला, मिळत नाही.

आता याकडे श्रोता म्हणून बघा. निदान ३० सेकंद गाणं वाजलं की ते एकदा ऐकलं असं धरतात. वीसजणांनी एक गाणं आठवड्यातून एकदा ऐकलं, तर वर्षाला १,०४० वेळा होतं. म्हणजे वीस माणसं एका गाण्याला उंबरठ्याच्या आत आणू शकतात. तुमच्या ओळखीत वीस माणसं नक्की आहेत. मात्र रात्रभर आवाज बंद करून तेच गाणं फिरवत ठेवायचं, हे चुकूनही करू नका. वेगवेगळे श्रोते किती, हेही पाहिलं जातं आणि खोटं ऐकणं पकडलं गेलं तर दंड आणि गाणं उतरवलं जाणं हे कलाकाराच्याच वाट्याला येतं. प्रेमापोटी त्याचंच नुकसान होतं.

थेट खरेदीचं गणित वेगळं आहे. बँडकँप या संकेतस्थळावर कलाकार आपलं संगीत थेट विकतात. तिथे डिजिटल अल्बम घेतला तर ती कंपनी १५ टक्के घेते, टी-शर्ट किंवा कॅसेटसारख्या वस्तूंवर १० टक्के, आणि वर पैसे पाठवण्याचा खर्च. बाकी सगळं कलाकाराचं. मार्च २०२० मध्ये, टाळेबंदीने सगळे कार्यक्रम थांबले तेव्हा, त्यांनी 'बँडकँप फ्रायडे' सुरू केला. ठरावीक शुक्रवारी कंपनी आपला वाटा सोडते. खरेदीची यादी करून ठेवा आणि त्या दिवशी घ्या. अनेक अल्बमवर 'तुम्हाला वाटेल ती किंमत' असं लिहिलेलं असतं. तिथे शून्य टाकता येतं, पण टाकू नये. एका मिसळीचे पैसे तरी टाकावेत.

भारतातून घेताना दोन अडचणी येतात. पहिली कार्डाची. ऑक्टोबर २०२० पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने नव्या कार्डावर परदेशी व्यवहार आपोआप सुरू नसतात. बँकेच्या ॲपमध्ये जाऊन ते चालू करा, खरेदीपुरती मर्यादा घाला, काम झालं की बंद करा. दुसरी अडचण जास्त चिवट. बँडकँपवरचे कलाकाराचे पैसे पेपॅल या ऑनलाइन पैसे पाठवणाऱ्या परदेशी सेवेमार्फत जातात आणि पेपॅलने १ एप्रिल २०२१ पासून भारतातल्या भारतात होणारे व्यवहार बंद केले. त्यामुळे पुण्यात बसून मुंबईच्या बँडचा अल्बम घ्यायचा तर व्यवहार अनेकदा अडतो, आणि सिएटलच्या बँडचा सहज मिळतो. अशा वेळी बँडला सरळ निरोप पाठवा: 'अल्बम विकत घ्यायचा आहे, यूपीआय चालेल का? फाइल्स ईमेलने पाठवाल का?' मी हे कितीतरी वेळा केलं आहे आणि नाही असं उत्तर एकदाही आलेलं नाही. परदेशात राहणाऱ्या मराठी मंडळींना ही अडचण येत नाही. तुमची बहीण, चुलतभाऊ न्यू जर्सीला किंवा लंडनला असेल तर वाढदिवसाला त्यांच्याकडून शर्टाऐवजी अल्बम मागा.

माझा स्वतःचा हिशोब सांगते. महिन्याला आठशे रुपये मी यासाठी बाजूला काढते. एखाद्या महिन्यात एक तिकीट आणि एक अल्बम होतो, एखाद्या महिन्यात काहीच होत नाही आणि पैसे पुढे साठतात. ज्यांना एवढंही जमत नाही, त्यांनी भिशी करावी. आम्ही पाचजण दरमहा प्रत्येकी दोनशे रुपये काढतो. ज्याचा नंबर लागतो त्याने हजार रुपयांचं स्वतंत्र कलाकारांचं संगीत घ्यायचं आणि सगळ्यांना एकत्र बोलावून ऐकवायचं. फाइल्स वाटायच्या नाहीत, ऐकवायचं. ज्याला फार आवडेल तो स्वतः घेतो.

चौथी पायरी: गिगला, म्हणजे बँडच्या प्रत्यक्ष कार्यक्रमाला जाणं

तिकीट आधी काढा. दारावर काढू असं म्हणणारे दहाजण असले, की आयोजकाला दुपारपर्यंत विक्री शून्य दिसते आणि पुढचा कार्यक्रम ठरवताना तो कचरतो. ओळख आहे म्हणून पाहुण्यांच्या यादीत नाव घालून घेऊ नका. ओळख असेल तर उलट दोन तिकिटं काढा.

वयाची अट आधी बघून ठेवा. मद्य मिळतं अशा अनेक ठिकाणी २१ वर्षांखालच्यांना आत सोडत नाहीत, ओळखपत्र मागतात. कॉलेजातल्या मुलांनी खुल्या मैदानातले कार्यक्रम, महाविद्यालयीन महोत्सव आणि घरगुती मैफली शोधाव्यात. खुल्या जागेतले कार्यक्रम रात्री दहाला थांबतात, कारण रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपकाला बंदी आहे. म्हणून ते वेळेवर सुरू होतात. तिथे 'कार्यक्रम उशिराच सुरू होतो' हा अनुभव उपयोगाचा नाही. रंगभवनातले कार्यक्रमही आवाजाच्या नियमांमुळे, शांतता क्षेत्रात गेल्यामुळेच बंद पडले. मुंबईत असाल तर शेवटची लोकल किती वाजता आहे ते जाण्याआधीच बघा. मुलींनी पहिल्यांदा नव्या ठिकाणी जाताना एखादी मैत्रीण सोबत घ्यावी आणि परतीची सोय आधी ठरवावी. मी आजही ठरवते.

पहिल्या वाजवणाऱ्याच्या आधी पोचा. मुख्य बँडच्या आधी जो अर्धा तास कुणीतरी नवा वाजवतो, त्याच्यासमोर बहुतेक वेळा खुर्च्याच असतात. तुमच्या त्या सात टक्क्यांची सगळ्यात मोठी किंमत त्या अर्ध्या तासात असते. पुढे उभे राहा. हळू गाणं चालू असताना बोलू नका. बारच्या टेबलाशी रंगलेल्या गप्पा मंचावर शब्दन् शब्द ऐकू जातात. व्हिडिओ एका गाण्याचा घ्या, पुरे. आवडलं तर दाद मोठ्याने द्या. आपल्याकडे संगीत नाटकांत 'वन्स मोअर' देऊन गायकाला तेच पद पुन्हा गायला लावणारे श्रोते होते. तळघरातल्या बँडलाही ते हवं असतं, फक्त कुणी द्यायला धजत नाही.

कानांची काळजी घ्या, हे मी फार गंभीरपणे सांगते. ८५ डेसिबलला आठ तास हा सुरक्षित धरला जाणारा काळ. पुढे दर ३ डेसिबलला तो निम्मा होत जातो. १०० डेसिबलला जेमतेम पंधरा मिनिटं उरतात. छोट्या बंद खोलीत ड्रम्सजवळ हा आकडा सहज गाठला जातो. कानात घालायचे संगीतासाठीचे प्लग मिळतात. ते आवाज सगळीकडून सारखा कमी करतात, त्यामुळे गाणं गढूळ होत नाही. स्पीकरच्या अगदी पुढ्यात उभं राहू नका. कार्यक्रमानंतर रात्रभर कानात शिटी वाजत राहिली तर पुढच्या वेळी प्लग विसरू नका. आणि ती शिटी दुसऱ्या दिवशीही गेली नाही तर डॉक्टरांकडे जा.

संपल्यावर लगेच पळू नका. बँडचं सामान विकायला ठेवलं असेल तर काहीतरी घ्या. रोख पैसे जवळ ठेवा. तळघरात नेटवर्क नसतं आणि यूपीआय फिरत राहतं. दोन वाक्यं बोला. 'छान होतं' यापेक्षा 'तिसरं गाणं नवं आहे का?' हा प्रश्न वाजवणाऱ्याला जास्त आवडतो, कारण तुम्ही ऐकत होतात हे त्यातून कळतं. मग बाजूला व्हा. त्यांना सामान आवरायचं असतं, जेवायचं असतं. रात्री दोन वाजता त्यांना निरोप पाठवणं, घरचा पत्ता शोधणं, हे प्रेम नव्हे. ओळख झाली तरी अंतर पाळा.

प्रवास जमत असेल तर वर्षातून एकदा लांबच्या महोत्सवाला जा. अरुणाचल प्रदेशातल्या झिरो खोऱ्यात २०१२ पासून संगीत महोत्सव होतो, भातशेतीच्या मधोमध. तिथे ईशान्येकडचे असे कलाकार ऐकायला मिळतात ज्यांची नावं आपल्याकडे पोचतही नाहीत. महाराष्ट्रातून जाणाऱ्यांनी इनर लाइन परमिट, म्हणजे त्या राज्यात जाण्याचा परवाना, आधी काढायला विसरू नये.

पाचवी पायरी: घरातली बैठक

हा माझा सगळ्यात आवडता भाग आहे. आणि मराठी माणसाला हे कुणी शिकवायला नको. दिवाणखान्यात सतरंज्या टाकून गाणं करायची रीत आपल्या घरांत होतीच. तानपुऱ्याच्या जागी गिटार येईल एवढंच.

गायक एकटा किंवा दोघंच असतील असा कलाकार निवडा. पूर्ण ड्रम्सचा बँड फ्लॅटमध्ये आणू नका. पहिला निरोप पाठवतानाच मानधन विचारा: 'आमच्या घरी तीसेक माणसं बसतील. तासा-दीड तासासाठी तुमचं मानधन किती?' 'तुम्हाला व्यासपीठ मिळेल' असं कधीही म्हणू नका. आकडा ठरला की तो हमीचा. माणसं कमी आली तरी तुम्ही तो द्यायचा. आम्ही माणशी तीनशे रुपये घेतो, तीसजण आले की नऊ हजार होतात. येण्याजाण्याचा खर्च वेगळा धरतो. मानधन रात्री निघण्यापूर्वी हातात किंवा खात्यात गेलंच पाहिजे. पाकीट यजमानाने स्वतः द्यावं, चारचौघांत नको.

वेळ संध्याकाळी साडेसहा ते साडेआठ ठेवा. सोसायटीच्या चेअरमनना आठवडाभर आधी सांगा आणि वरच्या-खालच्या घरांना प्रत्यक्ष जाऊन बोलवा. बोलावलेला शेजारी तक्रार करत नाही, बहुतेकदा येऊन बसतो. आमच्या खालच्या मजल्यावरच्या पंचाहत्तरीच्या काकू पहिल्यांदा केवळ मान राखायला आल्या. आता पुढची बैठक कधी, हे त्याच विचारतात.

खोलीची तयारी आदल्या दिवशी करा. पंखा बंद करून एकदा, सुरू करून एकदा टाळी वाजवून ऐका. पंख्याची घरघर आवाजात किती मिसळते ते कळेल. फ्रीजचा आवाज दिवाणखान्यात येत असेल तर तेवढा दीड तास तो बंद ठेवा, दार उघडू नका, आतलं काही बिघडत नाही. उघड्या भिंती आणि फरशीमुळे आवाज घुमतो. जाड पडदे ओढा, सतरंजीखाली गाद्या घाला. खोली तीस माणसांनी भरली की उरलेला घुमारा आपोआप कमी होतो, त्यामुळे रिकाम्या खोलीत ऐकून घाबरू नका. अर्थिंग नीट असलेला एक चांगला एक्स्टेंशन बोर्ड हवा. अर्थिंग कच्चं असेल तर ॲम्प्लिफायर गुणगुणतो आणि तारेला हात लागला की झटका बसतो. तीस माणसांपुरता आवाज बहुतेकदा माइकशिवायही पुरतो. गिटारला छोटा ॲम्प, गळ्याला काही नाही, हे सगळ्यात सुंदर लागतं.

गाणं सुरू होण्यापूर्वी यजमानाने तीन वाक्यं बोलावीत: फोन बंद, गाणं चालू असताना ये-जा नाही, मध्यंतरात चहा. कुकर कुणीही लावू नये, हे स्वयंपाकघरात वेगळं सांगावं लागतं. मध्यंतर पंधरा मिनिटांचं. चहा, बटाटेवडे, आणि त्या वेळात लोक कलाकाराशी बोलतात, अल्बम घेतात. उत्तरार्धात लोक मोकळे होतात. पहिल्या बैठकीला आमच्याकडे अकराजण आले होते. मानधनाचे उरलेले पैसे आम्ही दोघांनी घातले. पुढच्या वेळी सव्वीस आले.

तुमच्या ओळखीचा कलाकार नवखा असेल तर एक गोष्ट त्याला जरूर विचारा: आयपीआरएसचे सभासद झालात का? गीतकार-संगीतकारांची ही संस्था १९६९ पासून आहे. २०१२ च्या कॉपीराइट कायद्यातल्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला वाटा सुरक्षित केला, पण सभासद नसेल तर त्या वाटेने येणारे पैसे पोचत नाहीत. कितीतरी मुलांना हे ठाऊक नसतं.

सहावी पायरी: जतन

२०१९ साली मायस्पेस या जुन्या संकेतस्थळाने कबूल केलं, की सर्व्हर बदलताना २००३ ते २०१५ या काळात लोकांनी चढवलेलं संगीत नष्ट झालं. पाच कोटींच्या आसपास गाणी, असं तेव्हा सांगितलं गेलं. त्या वर्षांत सुरू झालेल्या कितीतरी छोट्या बँडची पहिली गाणी फक्त तिथेच होती. बँडकँपही २०२२ मध्ये एपिक गेम्स या कंपनीने घेतलं, २०२३ मध्ये साँगट्रॅडर या दुसऱ्या कंपनीकडे गेलं आणि जवळपास निम्मे कर्मचारी कमी झाले. स्ट्रीमिंगवर गाणी चढवणाऱ्या काही सेवांची वार्षिक फी कलाकाराने भरली नाही, की गाणी गुपचूप उतरवली जातात. बँड तुटला की ती फी भरणार कोण?

म्हणून विकत घेतलेलं सगळं उतरवून घ्या. पर्याय असेल तर फ्लॅक स्वरूपात, ज्यात आवाजाचा दर्जा जसाच्या तसा राहतो. चाळीस मिनिटांचा अल्बम साधारण २५० ते ३०० एमबी होतो, म्हणजे एक टीबीच्या डिस्कवर तीन हजारांहून अधिक अल्बम बसतात. फोल्डरचं नाव ठरलेल्या पद्धतीने द्या: बँड, वर्ष, अल्बम. श्रेयनामावली, शब्द, मुखपृष्ठ त्याच फोल्डरमध्ये. दुसऱ्या डिस्कवर प्रत काढा आणि ती दुसऱ्या घरात ठेवा. पोस्टर, हाताने लिहिलेली सेटलिस्ट (त्या रात्रीच्या गाण्यांची यादी), तिकिटं यांच्या मागे पेन्सिलीने तारीख आणि जागा लिहा. बिलाच्या कागदावर छापलेली तिकिटं दोन-चार वर्षांत कोरी होतात, त्यांचा फोटो लगेच काढा.

सातवी पायरी: सांगणं

गाण्यांची लांबलचक यादी कुणालाही पाठवू नका. एका माणसाला एक गाणं, सोबत एक वाक्य: हे तुला का आवडेल. त्याच्या आवडीपासून सुरुवात करा, आपल्या आवडीपासून नको. आणि मराठीत लिहा. या संगीताबद्दल मराठीत फार थोडं लिहिलं जातं; गिगहून आल्यावर लिहिलेल्या तुमच्या दहा ओळी पाच वर्षांनी त्या रात्रीची एकमेव नोंद असू शकतात.

सिनेमाची गाणी आवडणाऱ्यांना कमी लेखू नका. मीही ती ऐकते. आणि आपला बँड मोठा झाला तर हळहळू नका. गायक प्रतीक कुहाडचं गाणं २०१९ साली ओबामांच्या आवडत्या गाण्यांच्या यादीत आलं, त्याच वर्षी दिल्लीच्या ब्लडीवुड या मेटल बँडने जर्मनीत वाकनच्या मेटल महोत्सवात वाजवलं. तेव्हा जुन्या चाहत्यांत 'आता ते आपले राहिले नाहीत' असा सूर मी ऐकला. मला फार आनंद झाला होता. त्यांच्यासाठी आता हजारो आहेत. आपले सात टक्के दुसऱ्या तळघरात न्यायला आपण मोकळे झालो.

बहुतेक बँड मात्र मोठे होत नाहीत, थांबतात. कुणी नोकरीसाठी शहर सोडतं, कुणाचं लग्न होतं, कुणी थकतं. बँड थांबल्याचं कळलं की त्यांना पत्र लिहा. कोणतं गाणं, कुठे ऐकलं, तेव्हा तुमचं काय चाललं होतं, एवढं पुरे. उत्तराची अपेक्षा ठेवू नका.

बंगळूरचा तो चौघांचा बँड त्या पावसाळ्यानंतर तीन वर्षांनी थांबला. मी ईमेल लिहिला: बुधवार, तळघर, चौदाजण, दोनशे रुपयांची सीडी. आठ महिने काही आलं नाही. मग बास वाजवणाऱ्या मुलाचं उत्तर आलं, सोबत कधीच प्रसिद्ध न झालेल्या सहा गाण्यांची फाइल आणि एक विनंती, की ती पुढे कुणाला देऊ नये. ती सहा गाणी माझ्या दोन्ही डिस्कवर आहेत. दरवर्षी पावसाळ्यात, बुधवारी, मी ती क्रमाने ऐकते.